वटवाघळांची खोली कुणाची?

वनखात्याच्या पाहणीसाठी मुळशीत दुर्मिळ वटवाघूळ मी डोळे मिटून शोधीन हो, अवघड असतं ते नकाशावर ठिपका देणं. उरवड्यात शेतकरी दत्तोबा ऐटीत म्हणाले, "विहिरीवरची मोटारीची खोली आमचीच हाय, बघा की." आत तीच वटवाघळं! मी लगेच ठिपका दिला.

"ह्यानं काय व्हतंय?"

"ठिपका म्हणजे वटवाघळांसाठी राखीव जागा. आता ही खोली पाडायची नाही."

"आन् जमिनीला गिऱ्हाईक आलंय त्याचं काय? न्हाई न्हाई, खोली धाकट्या भावाची हाय. त्याचं नाव लिवा."

बांधापलीकडून धाकटा ओरडला, "माजी कुटली? दादाचीच हाय ती!"

दत्तोबांची बायको चहा देता देता मला म्हणाली, "तुमची वाघळं लई गुणाची, सायेब. ह्याच खोलीपायी दोगं भाऊ बारा वर्सं कोर्टात भांडत्यात!"