सासूबाई, मी आणि मधला केळ्यांचा घड

नाही, पण मला सांगा, फोन मलाच का यावा? सासूबाईंकडे फोन नाही, म्हणून त्यांनी तपासणीच्या कागदावर माझा नंबर दिला, ठीक आहे... पण दवाखान्यातल्या नर्सबाईंनी "कोण बोलतंय?" एवढं तरी विचारावं की नाही? थेट सुरू! "गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी बदलल्यात. कॅन्सर नाही, पण असंच सोडलं तर होऊ शकतो. पेशी जाळायचं मशीन आज पाचपर्यंतच इथे आहे, मग एकदम चार महिन्यांनी. घेऊन या!" आणि ठेवला फोन. आता तुम्हाला सांगतो, आमच्या युगांडातल्या बुगांडा मुलखात जावयानं सासूला चुकूनही शिवायचं नाही, ती समोरून आली तर वाट सोडायची, आणि माझ्या कानात पडलं काय, तर गर्भाशयाचं तोंड! मी काय बोलणार?

बायको, नाबुकीरा, सात दिवसांची बाळंतीण. म्हणाली, "मी कशी जाऊ? अहो, आई आहे माझी! न्या तिला!" गेलो. सासूबाई दाराच्या आड, मी अंगणात पाठ करून उभा. "पेशी..." म्हणालो, तेही समोरच्या कोंबडीकडे बघत. आतून आवाज, "जावईबापू, कोंबडीशी बोलताय की माझ्याशी?" सांगितलं कसंबसं. मग आतून बारीक आवाजात, "माझी बहीण यानंच गेली." आता कसली लाज नि कसलं काय! म्हटलं, गावात भाड्यानं माणसं नेणाऱ्या सेबोवाची मोटारसायकल बोलावतो. "त्या बडबड्याची? म्हणजे माझं दुखणं रेडिओवरच सांगितल्यासारखं! तुमचीच काढा." माझ्या मागे? सासू? मी काय बोलणार?

युक्ती त्यांचीच. परसातून हिरव्या केळ्यांचा अख्खा घड तोडून आणला आणि दोघांच्या मध्ये बांधला. भिंत! बावीस किलोमीटर, प्रत्येक खड्ड्याला तो घड माझ्या पाठीत, आणि मागून ओरडा, "हळू! मोडेल ना!" माझी पाठ की केळी, देव जाणे.

पोचलो तर मशीन पेटीत भरायला घेतलेलं! मी "थांबा!" असा ओरडलो की माझा मीच दचकलो. थांबले बिचारे. काम दहा-पंधरा मिनिटांत झालं. मग नर्सबाई बाहेर आल्या आणि रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर बोट माझ्याकडे! "तुम्ही! सहा आठवडे बायकोपासून लांब झोपायचं. समजलं?" अहो, मी जावई... "लाजू नका, सगळे नवरे असंच काहीतरी सांगतात!" मी काय बोलणार?

पण निरोप तर पोचवायला हवा ना? नाहीतर जखम भरणार कशी? सासूबाईंना घरी सोडलं, तर सासरे ओट्यावर बसलेले. मी जमिनीकडे बघत एका दमात म्हणालो, "बाबा सहा आठवडे वेगळं झोपायचं नर्सबाईंनी सांगितलंय!" म्हातारा इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "पोरा, तीन वर्षं झाली, तिनं माझी चटई कोठीच्या खोलीत टाकलीय. सहा आठवड्यांनी तरी चटई परत आत घेशील का, असं एकदा विचारून बघशील तिला?"

विचारतो म्हटलं... आणखी काय करणार?