पाकिटातल्या चमका

— नाही हो, कॅमेरा ठेवा बाजूला, सर अजून अर्धा तास येत नाहीत. त्यांचा फोटो उद्या सगळीकडे छापायचा, म्हणजे दाढी करून येणार! बसा. काय शोधलं म्हणता? सोपंय — जगातलं बरंचसं दिसतच नाही, ते कृष्णद्रव्य. आकाशगंगेच्या मधोमध ते दाटलेलं असणार, आपसात आदळून त्यातून न्यूट्रिनो सुटत असणार — हा अंदाज. हे कण भिंतीतून, तुमच्याआमच्यातून आरपार जातात. तळ्याच्या तळाशी आम्ही उजेड टिपणारे काचगोळे सोडलेत, त्यांच्याजवळ एखादाच धडकतो, निळी चमक उठते. त्यातली कामाची कुठली ते निवडायची पद्धत माझी. अकरा वर्षं घातली मी त्यात, अकरा! आणि शोधनिबंधावर नावं किती? त्रेसष्ट. माझं? शोधा, शोधा — खाली, आभारात. "बाईंचं काम कारकुनीचं," म्हणाले सर, भर बैठकीत. मी हसले. आई म्हणायचीच — गोगलगाय नि पोटात पाय.

हे कपाट बघितलंत? आत एक पाकीट आहे, लाख लावलेलं. आमच्यात रीतच आहे — शोधणाऱ्याला हवं तेच दिसायला लागतं ना, म्हणून एकानं गुपचूप नोंदींत खोट्या चमका मिसळायच्या, किंवा नाही मिसळायच्या, आणि काय केलं ते लिहून पाकिटात घालायचं; काहीच मिसळलं नसेल तर कोरा कागद. जगाला सांगण्याआधी पाकीट सर्वांसमक्ष फोडायचं. हेही कारकुनीच, म्हणून माझ्याकडे. — फोडलं का? कशाला फोडतील! दुसरा गट आधी जाहीर करेल म्हणून घाई — उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की —

बरं, विचारलं. विचारलं हो त्यांनी. दारातूनच, एक पाय बाहेर — "पाकिटात कोराच कागद आहे ना, बाई?" मी म्हटलं, हो सर.

असे काय बघताय? चौदा खोट्या चमका घातल्या होत्या मी, सगळ्या आकाशगंगेच्या मधोमधून आल्यासारख्या. त्यातल्या तेरा त्यांना सापडल्या, तोच हा शोध — पद्धत माझी, चुकेल कशी! परवा तपासणी समिती येतेय पाकीट फोडायला. मीच कळवलंय. माझी नोकरी? जाईल की. जाऊ दे. मला त्यांचं तोंड बघायचंय तेव्हा, बस. सांगा हवं तर त्यांना. नाही सांगणार तुम्ही — तुमच्या फोटोखाली तुमचं नाव छापतात? नाही ना? मग.

आले बघा. उठा. कपाटासमोर उभं करा त्यांना, उजेड तिथे चांगला आहे. आणि हसायला सांगा.