चाळिसावं माणूस

— तिथे नको ठेवूस, खाली तेल सांडलंय, इकडे माझ्या हातात दे. हिला कात्री म्हणतात होय? तीन फुटांचं धूड, वर सोनेरी अक्षरांत 'मिलर्सफोर्ड नगरपालिका', आणि धार म्हणशील तर लोण्यापुढेही विचारात पडेल. मागच्या वेळी त्या गावोगावी शाखा असलेल्या सँडविचच्या दुकानाची फीत महापौरबाईंच्या हातात हिने चार वेळा नुसती चावली — मी होते ना तिथे, सँडविच फुकट होतं — शेवटी गर्दीतल्या कुणीतरी खिशातल्या चाकूने कापली. त्या चाकूला धार आमच्याकडची, बरं का. ते तुमच्या अहवालात आलं नाही. आणि आता शनिवारी हायवेवरच्या मोठ्या दुकानाचं उद्घाटन, तर आज गुरुवारी नगरपालिकेला धार आठवली. त्यांच्याकडेच का नाही नेलीस? सगळं मिळतं म्हणे तिथे. धार लावून मिळत नाही? हां. तिथे नवीन विकतात. बस ना, कर्टिस, उभा काय राहतोस — शाळेत माझ्या मागे बसून भूमितीची उत्तरं बघायचास तेव्हा चांगला ऐसपैस बसायचास.

तर आता तू विकास कार्यालयात. तुझं पत्र आहे माझ्याकडे, वाचून दाखवू? नको? सही छान करतोस. मी मागितले बावीस हजार डॉलर — छपरासाठी आणि एका नव्या यंत्रासाठी, कारण हे जे घरघरतंय ना, हे बाबांनी घेतलं तेव्हा मी जन्मलेही नव्हते — आणि तुम्ही कळवलंत की या योजनेत अडीच लाखांच्या खाली कर्ज देत नाहीत. म्हणजे मी फार कमी मागितलं म्हणून मिळालं नाही. तीनदा वाचलं मी ते. मला वाटलं माझंच डोकं बोथट झालंय. अर्जात विचारलं होतंत, किती नव्या नोकऱ्या निर्माण कराल? मी खरं लिहिलं — एकही नाही, दोन आहेत त्या टिकतील, बाबांची आणि माझी. त्याभोवती कुणीतरी लाल गोल काढला. तू काढलास? असो. त्यांना किती दिलेत? वीस लाख. आणि उद्घाटनाच्या दिवशी चाळीस माणसं कामावर दाखवली की सगळं माफ — मग कर्ज कशाला म्हणता त्याला, आहेर म्हणा ना सरळ. वर दहा वर्षं मालमत्ता कर नाही. बाराशे दुकानं आहेत त्यांची, कर्टिस. त्यांचं छप्पर गळतंय का? आणि त्यांच्या दारापर्यंत रस्ता रुंद केलात तो आमच्या करातून, त्याबद्दल आभार मानायचे राहिले माझे.

नोकऱ्या, हो, ऐकतेय रे. पण आली कुठून ही माणसं? डेल बघ — बुटांचं दुकान होतं त्याचं, वसंतात बंद केलं — तो आता तिथे बुटांच्या विभागात माल लावतोय. शॅरन रंग विकायची, ती रंगांच्या विभागात. या नव्या नोकऱ्या? तीच माणसं, तेच हात, फक्त वर पिवळा ॲप्रन चढलाय, आणि तोही असला की खिसा वीतभरसुद्धा खोल नाही, वाकलं की मोजपट्टी बाहेर, दोनदा पडली माझी —

शॅरनची. शॅरनची पडली.

बरं, माझी. ऐकलंस ना, मग ऐक. मंगळवारी गेले होते मी तिकडे, मागच्या दाराने. बाबांना दातांच्या डॉक्टरकडे सोडलं आणि गेले. ॲप्रन घालून बघायला लावला त्यांनी. सुऱ्यांच्या विभागात उभं राहायचं, कुणी बोथट सुरी घेऊन आलं की नवी दाखवायची — एवढंच काम. मी, कर्टिस. मी. हसू नकोस. आरोग्य विमा देतात. बाबांचा हात थरथरतो हल्ली, पात्याजवळ येऊ देत नाही मी त्यांना, नुसते गल्ल्यावर बसवते, आणि एकटीने किती ओढायचं? त्यांचं नोकरीचं पत्र इथेच आहे, यंत्रामागे. उद्या पाचच्या आत सही करून द्यायचं. ती बाई किती गोड हसली, म्हणाली, तुम्ही आमच्या चाळिसाव्या. मला वाटलं, कौतुक करतेय. घरी येऊन हिशोब लागला — एकोणचाळीसच भरलेत, आणि माझ्या एका सहीने त्यांचे वीस लाख माफ होणार. ज्या सहीवर तुम्ही बावीस हजार दिले नाहीत, त्याच सहीने. बाबांना ठाऊक नाही यातलं काही. नगरसभेत बोलायला माणशी तीन मिनिटं, पण घंटा वाजली तरी बोलत राहिले होते ते, आठवतं? अध्यक्ष खाली बसा म्हणत होते आणि हे आपले, माझी मुलगी चालवेल हे दुकान, माझी मुलगी चालवेल. तू पहिल्या रांगेत होतास. घड्याळ बघत होतास.

थांब. काय झालं आत्ता तुझ्या चेहऱ्याला? नाही, नाही, पाहिलं मी. हायसं वाटलं तुला. म्हणजे आठवडाभर तुम्ही चाळिसावं माणूस शोधत होतात — आणि ते इथे सापडलं. मी तुला माझं दुकान बुडतंय म्हणून सांगतेय आणि तू मनात रकाना भरतोयस.

— या बाबा. सांभाळून, पायरी ओली आहे. हा कर्टिस, हो, पालिकेतला, ओळखलंत बरोबर. कात्री टाकायला आला होता, उद्या दुपारी नेईल. काही विशेष नाही हो, त्यांना तिकडे एक माणूस कमी पडतंय, कुणी आहे का बघण्यात, विचारत होता. मी सांगितलं, माझ्या ओळखीत कुणी नाही.

कुणी नाही म्हटलं ना, कर्टिस. दार ओढून घे जाताना.