ऑर्डरच्या बरण्या

हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, झोपले नव्हते. बोल तू.

रंगाचा वास?… कधी दिलात रंग?… मग डोकं दुखणारच. अगं, बशीत कापूस ठेव, त्यावर व्हॅनिलाचे चार थेंब टाक आणि कोपऱ्यात ठेवून दे… हो, फ्रिजमध्ये पण तसंच. कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी पण. खिडक्या मात्र उघड्या ठेव, सगळं कापसावर सोडू नकोस… नाही, केमिकलबिमिकल काही नाही.

व्हॅनिलाच्या बाटल्या नाही गं पाठवू शकत… शनिवारी पण नाही… एकही बरणी राहिली नाही ताई. फुटल्या सगळ्या.

मांजर नाही… धनेशने फोडल्या… हो, माझ्या दिराने. आज दुपारी… अगं ऐक ना. मधे बोलू नको, नाहीतर मला सांगता येणार नाही.

लोअर परळचा तो आइस्क्रीमवाला व्हॅनिलाच्या वापरून झालेल्या शेंगा टाकून देतो ना, त्या आम्ही दोघी जावा आणतो, मी आणि अक्षदा… हो, धुऊन, वाळवून व्होडकात मुरत घालतो. ह्यांनीच आणून दिलेली व्होडका. फडताळाखाली बरण्या लावून ठेवल्या होत्या, सगळ्या गणपतीच्या ऑर्डरच्या. आज धनेश कामावर गेलाच नाही. मी मोरीत बाटल्या धूत होते. वळून बघते तर हा खाली बसलाय, बरणी तोंडाला लावून… शेंगांसकट गं! मिशीला ते काळे दाणे चिकटलेले.

अक्षदा एवढंच म्हणाली, "अहो, ती प्यायची नाही, ऑर्डरची आहे." नवऱ्याला बायको एवढं पण बोलणार नाही का? त्याने तीच बरणी तिच्या डोक्यात घातली.

…हो, डोक्यात… पहिल्यांदा फुटली नाही. म्हणून परत घातली.

ताई, रडू नको. तू रडलीस तर मी कुठे जाऊ?

मग बाकीच्या बरण्या लाथेने उडवल्या. घरभर काचा. आणि त्या काचांवरून तिला केस धरून ओढत दाराशी नेलं. म्हणे, धंदा करतेस? दाखवतो चाळीला तुझा धंदा… जमली होती ना माणसं, सगळी गॅलरी भरली होती… कोणी नाही. एक पण आत आला नाही. शेजारचे शामराव म्हणाले, "धनेश, सोड रे तिला." कठड्याला टेकून म्हणाले.

मी?… मी भाऊजी, भाऊजी करत होते. पाया पडले त्याच्या, खरंच पडले. तर त्याने काच उचलली आणि तिच्या गालाला लावली, डोळ्याच्या खाली… लावली म्हणजे काय, चिरलंच.

मग मी बत्ता घेतला… खलबत्त्यातला, लोखंडी. त्याच्या हातावर घातला. आवाज आला ताई, हाडाचा. काच पडली, तो पण बसला कोपर धरून.

तिथे थांबायला हवं होतं ना मी?… नाही, ऐक. नाही थांबले. तो आई-आई करत होता आणि मी परत घातला. खांद्यावर. मग गुडघ्यावर. पुढचा डोक्यातच घालणार होते… नाही, उगाच बोलत नाही, घालणारच होते. अक्षदाने हात धरला माझा. तोंडभर रक्त तिच्या, आणि मला म्हणते, "वहिनी, पुरे. तुम्ही आत जाल."

…मी बरी आहे. तिला खालच्या डॉक्टरांनी टाके घातले. डोळा वाचला. ही काय, इथेच बसलीय, तळपायातल्या काचा काढतेय.

ह्यांना मीच फोन केला. आले आणि भावाला टॅक्सीत घालून घेऊन गेले. जाताना मला म्हणतात, "जिन्यावरून पडला म्हणून सांगायचं." म्हटलं, आणि अक्षदा? तर म्हणे, "ती पण."

…तू पण तेच म्हणतेस? घरातली गोष्ट घरात कुठे राहिली ताई? अख्ख्या चाळीने बघितली.

माझ्यावर केस झाली तर होऊ दे. मी मारलं ते मी सांगेन. तो पडल्यावर मारलं ते पण सांगेन.

अक्षदा?… तिला मी म्हटलं, तुझं तू ठरव, तू नको म्हणालीस तर मी गप्प. तिचा रक्ताचा गाऊन मी बादलीत टाकायला घेतला, तर माझ्या हातातून काढून घेतला आणि पिशवीत भरला. म्हणाली, "धुवायचा नाही. दाखवायचाय."

थांब हं… दार वाजतंय. हे आलेत.

अहो, हळू बोला… ताई आहे फोनवर… नाही, नाही ठेवणार… पोलीस चौकीवर चाललोय. दोघी… विचारत नाहीये, सांगतेय. दारातून बाजूला व्हा… व्हा बाजूला.

ताई, आहेस ना? स्पीकरवर टाकते तुला… हं, आता उचला हात. गिरगावात ऐकतेय ती. तुमच्या भावाने पण असाच उचलला होता. उचला ना!

…नाही, ओरडू नको ताई. नाही मारलं. खाली घेतला हात… खाटेवर बसलेत. रडतायत.

नाही गं, आता त्यांच्यापाशी थांबत नाही… तू ये, चौकीपाशीच ये सरळ.

अक्षदा, माझी मऊ चप्पल घाल. पिशवी दे इकडे… हां, टाक भार माझ्यावर. टाक, काही होत नाही मला.

ताई, ठेवते. हिला धरायला दोन्ही हात लागतायत.