भोपळ्यात कोण बसवतं

डोंबिवलीच्या वाचनालयात, पुस्तक बदलायच्या रांगेत माझ्यापुढे दोन आज्या होत्या.

"भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट मोठ्यांसाठी लिहिलीय ना? कशी आहे?"

"भिकार. यात वाघ नाही, कोल्हा नाही."

"मग म्हातारी भोपळ्यात कशाला बसते?"

"लेकच बसवते. वन बीएचके ना, जावयाला हॉलमध्ये झोपावं लागतं म्हणे."

"अगं बाई!"

"आपल्या गोष्टीतली लेक कशी, तूप-साखर खाऊ घालते, चांगली लठ्ठ करून पाठवते."

"पाठवतेच ना पण? राहा कुठे म्हणते?"

"लहान मुलांच्या गोष्टीत एवढं बघायचं नसतं हो."

"बरं. तुम्ही आहात ना अजून लेकीकडे, ठाकुर्लीला?"

"शनिवारपर्यंत आहे. तिनेच गाडी बुक केलीय, अगदी माझ्या दारापर्यंत."