सेफ्टी व्हॉल्व्हवरचा नारळ

तुमी मला बॉयलरमधला लय जाणकार समजता, पण जिंतूरचे इठ्ठलमामा नसते तर आज मी तुमच्यासंगं चहा प्यायला बसलोच नसतो.

तिथल्या सरकीच्या तेलमिलीत मी नवा बॉयलर बसवला होता. जाळ सांभाळायला इठ्ठलमामा. मालकाचे वडील, आबा, यांनी पूजा केली अन् लाल कापडातला नारळ बॉयलरवर सगळ्यात उंच जागी तारेनं आवळून बांधला. मला परभणीची एसटी गाठायची होती. वर न बघताच मी म्हणालो, "लावा जाळ."

दाबाचा काटा सातच्याही पुढं गेला.

मामा म्हणाले, "साहेब, सातला जादा वाफ सुटायला पायजे होती ना?"

"नवा काटा हाय, चुकत असंल."

"काटा चुकंल. पण तुमी वर तर बघा."

मी वर बघितलं. नारळ जादा वाफ सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीलाच आवळलेला! मामांनी आधी जळती लाकडं बाहेर ओढली. मी तार सोडायला निघालो, तर आबा आडवे आले.

"पूजेचा नारळ हलवायचा न्हाई!"

मामा शांतपणे म्हणाले, "आबा, खाली जाळ अन् वर देव. देवाला चटके बसायलेत."

आबा बाजूला झाले. मामांनी लांबूनच आकड्यानं तार ओढली. वाफ अशी सुटली, की नारळ पत्र्यावर आपटून फुटला.

दर दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन जातो, मामांच्या पाया पडतो. आशीर्वाद ते मागून देतात. आधी इचारतात, "आता वर बघूनच जाळ लावता ना, साहेब?"