चिमणभाऊंना शोधणारा गळ

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आपले विज्ञानाचे मनिष सर, झरीहून आणि डहाणू रोडहून आलेले पालक, सहकारी आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या मुलांनो,

सरांच्या शिकवण्याबद्दल आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितले. मी योगिता, तुमची मराठीची बाई, सरांच्या मासेमारीबद्दल बोलणार आहे. अध्यक्षांनी आश्चर्याने पाहिले, पण थोडे सांभाळून घ्यावे.

सरांना जिताड्याचा, खाडीतल्या त्या मोठ्या माशाचा, नाद. सुट्टीच्या दिवशी ते आणि आपल्या वसतिगृहाचे स्वयंपाकी चिमणभाऊ डहाणूच्या खाडीवर जात. सर मुंबईहून नकली मासे आणत. रंगवलेले, बोटाएवढे, पोटाखाली तीन टोकांचे गळ. हे मासे तरंगत नाहीत, थेट तळाला जातात. जिताडा दगडांच्या आडोशाला दबा धरून असतो ना, तिथपर्यंत. चिमणभाऊ हसून म्हणत, "मास्तर, असल्याला मी पण फसंन!"

२०१६ची दिवाळीची सुट्टी होती. चिमणभाऊंच्या गळाला मोठा जिताडा लागला आणि पडक्या धक्क्याच्या दगडांत शिरला. दोरी अडकली. ओहोटीची ओढ जबर होती. सर ओरडले, "तोड दोरी, चिमण!"

"एवढा मासा सोडू?" म्हणत ते पाण्यात उतरले. वर आलेच नाहीत.

होडीवाल्यांनी खाडी पालथी घातली. त्या दगडांत मात्र जाळी फाटत होती. शेवटी ते म्हणाले, "समुद्रात गेला असंल." त्यांना तरी दोष कसा द्यावा? काठावर चिमणभाऊंची बायको, आपल्या हिरीताई, बसून होत्या. त्या एवढेच म्हणत, "त्याला घरी न्यायचाय."

सरांनी काठी उचलली. तसाच बुडणारा मासा बांधला आणि धक्क्याच्या दगडांत टाकू लागले. गळाला कधी दगड लागे, कधी कुजलेले जाळे. सोडवायचे, पुन्हा टाकायचे. हाताला दोरी कापत होती. बातमी कळून धावत आलेली मी शेजारी उभी होते. पाणी पुढे करावे, एवढेही मला सुचत नव्हते.

मग दोरी ताणली गेली, आणि वजन सावकाश हलले. सरांनी होडीवाल्यांना हाक मारली. एकजण दोरी धरून खाली गेला. चिमणभाऊ सापडले.

हिरीताईंनी विचारले, "मास्तर, गळ कुठं लागला?"

सर म्हणाले, "सदऱ्याला."

त्यानंतर सरांनी गळ हातात धरला नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारावरून जाताना मान वर केली नाही. हिरीताई तेव्हापासून तिथेच, चिमणभाऊंच्या जागी, काम करतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला थांबवले. म्हणाल्या, "बाई, तुम्ही भाषण करणार ना? मग मास्तरांना सांगा. आंघोळ मीच घातली होती त्याला. गळानं गाल फाटला होता. तवाच कळलं मला. मास्तर खाली बघून जातात, ते आता नको. त्यांनी माझा माणूस घरी आणला."

सर, हिरीताई मागच्या दाराशी उभ्या आहेत. एकदा मान वर करून बघा.

निरोपाच्या प्रसंगी मी हे बोलले. कुणाचे मन दुखावले असेल तर उदार मनाने क्षमा करावी. शांतपणे ऐकून घेतलेत, आपल्या सर्वांची ऋणी आहे.